हॉल छोटा, म्हणून फ्रेम छोटी?

वर्गाला हॉल लहान मिळाला की आपल्यातले बरेच शिक्षक एक सोपी तोड काढतात. पावलं जवळजवळ टाकायला लावायची, कोपरं अंगाशी घ्यायला सांगायची आणि 'आज आपण स्मॉल फ्रेम करतोय' असं जाहीर करून मोकळं व्हायचं. गुडघे धरलेल्या ज्येष्ठांच्या बॅचलाही हीच मात्रा. आमचा याला आक्षेप आहे. नुसता हात आखडता घेतल्याने स्मॉल फ्रेम होत नाही. होते ती अर्धीमुर्धी लार्ज फ्रेम.

यांग घराण्यातलंच पाहा. यांग लुचान यांचे दोन नातू. थोरले यांग शाओहो (१८६२–१९३०) उंच ठाणातून छोट्या, झटपट हालचाली करत. शिकवतानाही ते शिष्यांची गय करत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे टिकले थोडेच. धाकटे यांग चंगफू (१८८३–१९३६) यांचा संथ, ऐसपैस, एका लयीतला संच मात्र शहरी माणसांना झेपला आणि जगभर गेला. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये २४ आकृत्यांचा संक्षिप्त संच बांधला तोही यांग शैलीच्याच पायावर. आपल्यापैकी अनेकांनी श्रीगणेशा केला तो याच २४ पासून. त्यामुळे लार्ज फ्रेम हीच मूळ आणि बाकी सगळं तिची आखूड आवृत्ती, अशी समजूत घट्ट बसली आहे. ताईचीचं माहेर असलेल्या हेनान प्रांतातल्या चेन गावात मात्र दोन्ही फ्रेम पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. चेन फाके १९२८ मध्ये बीजिंगला गेले ते लार्ज फ्रेम घेऊन. चेन शिन यांचा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये छापला गेला, तो स्मॉल फ्रेमच्या परंपरेतला.

फरक नेमका कुठे पडतो? 'सिंगल व्हिप' घ्या. चंगफूंच्या पद्धतीत उजव्या हाताची चोच मागे राहते, डावा तळवा लांबवर जातो, पाय धनुष्यठाणात रुंद पडतात. सुन शैलीत चोच नाहीच. दोन्ही तळवे दोन बाजूंना उघडतात आणि ठाण उंच राहतं. वू-हाओ शैलीचा दंडक आणखी कडक: प्रत्येक हाताने शरीराची आपापली बाजू सांभाळायची, मध्यरेषा ओलांडायची नाही, बोटं पुढच्या पायाच्या पंजापलीकडे जाऊ द्यायची नाहीत. या चौकटीत वर्तुळ नाहीसं होत नाही, ते आत सरकतं. बघणाऱ्याला हात चार बोटं हलल्यासारखा वाटतो, पण तेवढ्यासाठी कंबर आणि जांघेचा सांधा पुरता वळलेला असतो. तो सांधाच मोकळा नसेल तर हलतो फक्त हात, आणि आपल्या लहान हॉलमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं.

शिक्षकाच्या सोयीचीही एक बाजू आहे. मोठ्या हालचालीत चूक लपत नाही. आत कललेला गुडघा, वर चढलेला खांदा, सांधा अडल्यामुळे बाहेर आलेलं नितंब शेवटच्या रांगेतूनही दिसतं. छोट्या हालचालीत हे सगळं झाकलं जातं. विद्यार्थी खूश, आपणही खूश. नवख्यांना आधी मोकळं, मग आटोपशीर, या जुन्या क्रमाकडे आमचा कल आहे तो यासाठी. हा काही अटळ नियम नव्हे. स्मॉल फ्रेमच्या घराण्यांत पहिल्या दिवसापासून तीच शिकवतात, पण तिच्या सगळ्या बंधनांसकट. सुन लुतांग (१८६०–१९३३) हाओ वेइचेन यांच्याकडे ताईची शिकले ते पन्नाशी ओलांडल्यावर. शिंगयी आणि बाग्वा त्यांच्या अंगात तोवर मुरलेलं होतं. त्यांच्या शैलीतला आटोपशीरपणा त्या पुंजीवर उभा आहे. सहा महिन्यांच्या विद्यार्थ्याकडे ती पुंजी कुठून येणार?

गुडघ्यांचं म्हणाल, तर ठाणाची उंची आणि फ्रेमचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच ठाणातही लार्ज फ्रेम करता येते आणि दुखऱ्या गुडघ्यांना गरज असते ती त्या उंचीची. डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम तयार केला त्यात सुन शैली मुख्य आहे. तिचं उंच ठाण आणि पुढच्या पावलामागोमाग येणारं मागचं पाऊल अशा रुग्णांना सोयीचं पडतं. उलट, खोल ठाणात बसवून फक्त हात छोटे करायला लावले तर गुडघ्यावरचा भार तसूभरही कमी होत नाही. वर, भार असलेल्या पायावर कंबरेऐवजी गुडघाच पिळला गेला, तर दुखणं आपण घरी पाठवलं म्हणून समजा.

तेव्हा हॉल लहान असेल तर बॅचचे दोन भाग करा. निम्मे संच करू देत, पूर्ण हात पसरून. उरलेल्यांना भिंतीकडेला जोडीजोडीने पुश हँड्सला उभं करा, त्याला दोन माणसांपुरती जागा पुरते. दहा मिनिटांनी अदलाबदल. आणि स्मॉल फ्रेम शिकवायचीच असेल तर कोणत्या घराण्याची ते विद्यार्थ्यांना आधी सांगा. ते सांगता येत नसेल तर तूर्त २४ च चालू द्या.