धुराचा दाखला



एके काळी गावात फटफटी आली की पोरे मागे धावत. आता बहुतेक दारात मोटारसायकल आहे, भाजीपाल्याला पिकअप आहे. त्यामुळे पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, हा आपल्याही घरचा विषय झाला आहे.

नव्या गाडीला नोंदणीपासून पहिले वर्ष दाखला लागत नाही. पुढे मात्र तो कायम हवा. भारत स्टेज चार आणि सहाच्या गाड्यांना मुदत १२ महिन्यांची, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिन्यांची. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला १ हजार रुपये दंड होता. २०१९ च्या कायदादुरुस्तीने तो १० हजारांपर्यंत गेला. ही वरची मर्यादा झाली, जागेवर किती घ्यायचे ते राज्य ठरवते.

२०२१ मध्ये देशभर दाखल्याचा एकच नमुना आला. त्यात मला सर्वांत पसंत पडलेली गोष्ट म्हणजे गाडी नापास झाली तर कारणासह मिळणारी चिठ्ठी. ती फिटरपुढे ठेवा, म्हणजे तो भलतेच काही खोलून बसणार नाही.

कागद सुधारला, पण तपासणीची रीत जुनीच आहे. पेट्रोल गाडी जागेवर उभी करून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा पाहतात. कांदा भरून घाट चढताना तीच गाडी काय ओकते, ते कोणी मोजत नाही. खरी सुधारणा तिथे हवी. शिवाय आठवडे बाजारी फिरते तपासणी केंद्र आले, तर केवळ दाखल्यासाठी तालुक्याची खेप आणि मजुरीचा दिवस वाचेल. (गाडी न नेता दाखला आणणारे महाभागही आहेत. त्यांचे डिझेल जळायचे ते जळतेच!)

डिझेल इंजिनाचा धूर पाहायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. मळणीच्या दिवसांत भुसा बसून एअर फिल्टर तुंबतो, म्हणून आधी तो पाहा. तरीही धूर काळाच राहिला तर नोझल तपासून घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिनचे ऑइल जळते आहे. बहुधा रिंगा झिजलेल्या असतात.

आणि घरातल्या बायाबापड्यांनीही लक्षात ठेवावे, बंद पडवीत गाडी चालू ठेवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.