अवकाळी पाऊस, गारठा अन् कोंबड्यांची मर : भरपाईच्या कागदात परसातली कोंबडी बसते कुठे?

चंद्रपूर/गडचिरोली : धान कापून बांधीत पडलेला असतो आणि आभाळ भरून येते. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला हे आता नवे राहिलेले नाही. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकले आणि त्याचा पाऊस पूर्व विदर्भात धानाच्या पुंजण्यांवर पडला. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा वादळ त्याच किनाऱ्यावर आले आणि त्याचाही पाऊस इकडे पोहोचला. अशा वेळी चर्चा होते ती धानाची, आणि ती व्हायलाच पाहिजे. पण सांदवाडीतल्या दहा-वीस कोंबड्यांचा हिशेब मागेच राहतो.

हा हिशेब लहान नाही. कोंबडी म्हणजे घरच्या बाईच्या हातातला रोख पैसा. पोराची वही-पुस्तके, दवाखाना, तेल-मीठ यासाठी बाजाराच्या दिवशी एक कोंबडा विकला की काम भागते. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या. २०१२ च्या तुलनेत ही वाढ जवळपास ४६ टक्के आहे. म्हणजे गरिबाघरचा हा धंदा वाढतो आहे, पण त्याला सरकारी आधार किती?

मेलेल्या कोंबडीचे पैसे मिळतात का?

आपत्ती निवारणाच्या २०२२ च्या केंद्रीय निकषांत नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या कोंबडीसाठी १०० रुपये मदत आहे, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १० हजार. पण त्यासाठी आपत्ती निकषात बसली पाहिजे आणि पंचनामा झाला पाहिजे. बर्ड फ्लू आला तर योजना वेगळी. त्यात सरकारने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर लपवून ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच लागत नाही, लवकर कळवणाऱ्याचे मात्र थोडे तरी वाचते.

आणि ज्या मरीने दरवर्षी खुराडी रिकामी होतात, त्या मानमोडीचे काय? पावसानंतरच्या गारठ्यात चार दिवसांत सगळा कळप जातो, तेव्हा ती ना आपत्ती ठरते ना बर्ड फ्लू. ते नुकसान घरच्याच डोक्यावर पडते. म्हणून कोरडे खुराडे आणि वेळेवर लस, हाच परसातल्या कोंबडीचा खरा विमा.

थंडीपेक्षा ओल वाईट

अंगावरची पिसे कोरडी असतील तर गावरान कोंबडी गारठा सोसते. पिसे भिजली की ऊब निघून जाते. खाली ओली घाण असेल तर विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, नाक वाहते, श्वास घरघरतो. त्याच ओलीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि आधी पिल्ले जातात.

त्यामुळे पाऊस येण्याआधी पुढची कामे उरकलेली बरी :

- खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच घ्यावे. बांबू घरचा असेल तर खर्च फारसा येत नाही. भोवती नाली काढून पाण्याला वाट द्यावी.
- वाऱ्याची बाजू तट्टा किंवा बारदान लावून बंद करावी, पण वर छताजवळ हवेला जागा सोडावी. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर आतली वाफ बाहेर जात नाही आणि कोंबड्या आतल्या आत भिजतात.
- खाली धानाच्या तुसाचा तीन-चार बोटे थर द्यावा. तो रोज हलवावा, ओला भाग काढून फेकावा, थोडा चुना मिसळावा.
- रात्री एका मोठ्या कोंबडीला एक ते दोन चौरस फूट जागा लागते. दाटी झाली की रोग एकीकडून दुसरीकडे जातो.
- पिल्लांसाठी बल्ब लावताना तणसापासून लांब टांगावा. आगीचा धोका असतो.
- जाळी आणि दार पक्के असावे. ओल्या रात्री रानमांजर घराजवळच फिरते.

आणखी एक चूक घरोघरी होते. पावसात काळा पडलेला, बुरशी धरलेला धान किंवा मका ‘कोंबड्यांना होईल’ म्हणून टाकला जातो. त्या बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते. बुरशीचा दाणा कोंबडीलाही देऊ नये.

लस आहे, पण शीशी मोठी

मानमोडीला औषध नाही, लस आहे. पिल्लू सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी चे इंजेक्शन. अडचण वेगळीच आहे. लसीच्या एका शीशीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. शीशी फोडून औषध मिसळले की एक-दोन तासांत संपवावी लागते, तोवर ती बर्फात ठेवावी लागते. दहा कोंबड्यांचे घर एकटे शीशी कशी फोडणार?

उपाय गावातच आहे. बचत गटाने आणि पशुसखीने टोल्यातल्या सगळ्या घरांचा एक दिवस ठरवावा, पहाटे कोंबड्या सोडण्याआधी शंभर पक्षी एकदम टोचून घ्यावेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवले तर लस थंड पेटीत आणता येते. ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटांचा आहे. लस मात्र निरोगी पक्ष्यालाच द्यावी. मर सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

मंडईचा मोसम, बाजाराचा रस्ता

दिवाळीनंतर इकडे मंडई आणि नाटकांचा मोसम. पाहुणे येतात, कोंबडा या गावचा त्या गावाला जातो. घरात एक कोंबडी सुस्त दिसली की बाकीच्या घाईने आठवडी बाजारात नेल्या जातात. दोन पैसे वाचतात खरे, पण रोग दहा गावांत पोहोचतो, आणि पुढच्या महिन्यात विकत आणलेल्या कोंबडीबरोबर घरी परत येतो. बाहेरून आणलेला पक्षी निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावा.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांच्या मृत्यूनंतर बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याआधी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले, त्यांच्यात एच५एन१ विषाणू सापडला. ते वाघ माणूस-वाघ संघर्षामुळे चंद्रपूर जिल्ह्यातूनच नेलेले होते. जंगलाला लागून असलेल्या गावांनी यातून एवढे घ्यावे : मेलेली कोंबडी नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला फेकू नये. अचानक जास्त पक्षी मेले तर उघड्या हाताने उचलू नयेत, कापून खाऊ नयेत, आणि दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. नमुने तपासल्याशिवाय मानमोडी की बर्ड फ्लू हे कोणालाच सांगता येत नाही.

धानाला हमीभाव आहे, विमा आहे, पंचनामा आहे. कोंबडीच्या वाट्याला यातले फार थोडे येते. ते वाढवून मागणे गरजेचे आहेच. पण ढग ग्रामसभेच्या ठरावाची वाट पाहत नाहीत. तोवर तूस कोरडी आहे का, हे रोज संध्याकाळी हात घालून पाहणे घरच्याच हातात आहे.