ग्रंथालय कुणाचे: देणगीदाराचे की गावाचे?

१/ अँड्र्यू कार्नेगीच्या देणग्यांतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांतले पहिले २९ ऑगस्ट १८८३ रोजी त्याच्या जन्मगावी, स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे उघडले. ही कथा सहसा एका दानशूर पोलादसम्राटाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती अर्धीच कथा आहे. #धागा

२/ डनफर्मलिन हे तलम लिनन विणणाऱ्यांचे गाव. कार्नेगीचे वडील विल्यम हातमागावर विणकाम करीत. वाफेवरच्या मागांनी तो धंदा बुडवला आणि १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले.

३/ आत्मचरित्रात कार्नेगी अभिमानाने नोंदवतो की, पुस्तके घरी नेऊ देणारे गावातील पहिले ग्रंथालय पाच विणकरांनी स्वतःजवळची थोडीथोडकी पुस्तके एकत्र करून काढले, आणि त्या पाचांत आपले वडील होते. पहिल्यांदा जागा बदलावी लागली, तेव्हा सारा संग्रह विणकरांच्या ॲप्रनच्या ओच्यांत आणि कोळशाच्या दोन बादल्यांत मावला! वाचनाची भूक गावात देणगीच्या आधीपासून होती, ती अशी.

४/ कार्नेगीने ८,००० पौंड दिले. १८८१ साली त्याच्या आईने, मार्गारेटने, इमारतीची कोनशिला बसवली. परंतु इमारत म्हणजे ग्रंथालय नव्हे. नवी पुस्तके, ग्रंथपालाचा पगार, दिवाबत्ती हा खर्च दरवर्षीचा. १८५० पासूनच्या कायद्यांनी ब्रिटनमधील नगरांना त्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली होती. पुढे कार्नेगीने नियमच केला: जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या एक दशांश रक्कम दरवर्षी करातून खर्चावी. काही गावांनी ही अट नाकारली.

५/ दानाची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १८९२ साली पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे त्याच्या कारखान्यात कामगार संघटना मोडून काढण्यात आली, रक्त सांडले. १८९८ साली त्याच होमस्टेडला त्याने ग्रंथालय दिले. बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्याने ते वाचायला जावे कधी? हा प्रश्न दातृत्वाच्या गौरवात झाकला जाऊ नये.

६/ आपल्याकडे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली तेथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. तेथील ग्रामीण ग्रंथालय योजनेचे सूत्र असेच होते: आधी गावाने आपला वाटा जमवायचा, मग सरकारने भर घालायची. मालकीची भावना त्या वाट्यातून येते.

७/ म्हणून माझे मत असे: देणगीदाराचे ऋण मानावे, पण ग्रंथालयाचा इतिहास त्याच्या नावाच्या फलकापाशी संपवू नये. आपल्या गावच्या वाचनालयात गेलात, तर जुने जमाखर्च आणि वर्गणीच्या वह्या जरूर मागा. दार वर्षानुवर्षे कुणी उघडे ठेवले, ते त्या वह्यांतच सापडेल.