प्रतिपक्षाचे पान

फराळाचे डबे अजून भरलेले असताना मी क्रिकेटच्या दिवशी काय रांधावे हे सांगू लागले, तर तुम्ही हसाल. पण रणजी करंडकाचा मोसम अलीकडे दिवाळीच्याच आगेमागे सुरू होतो. तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

आमच्या घरी एक रिवाज आहे. अंतिम सामन्यात मुंबईची ज्या प्रांताशी गाठ पडेल, त्या प्रांताचा पदार्थ आमच्या पानात पडलाच पाहिजे. “प्रतिपक्षाला आधी पानात गारद करायचं, मग मैदानात,” असे आमच्या ह्यांचे म्हणणे. अमेरिकेतही फुटबॉलच्या दिवशी शौकीन मंडळी हेच करतात म्हणे. कॅन्सस सिटीशी सामना असला, की तिकडच्यासारखे धुरावर भाजलेले मांस. वेड आमच्या एकट्याचेच नाही, एवढाच काय तो दिलासा!

जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला कर्नाटकाशी सामना होता. मी बिसीबेळे भात केला आणि म्हैसूरपाक विकत आणला. मुंबई अवघ्या सहा धावांनी जिंकली आणि त्या दिवसापासून रिवाजाला शास्त्राचे रूप आले. सौराष्ट्राशी दोनदा गाठ पडली, २०१३ आणि २०१६ साली. दोन्ही वेळा सामना तीन दिवसांत आटोपला, गाठिया मात्र आठवडाभर पुरले.

मग गुजरात आला. जानेवारी २०१७, आणि सामन्याचा शेवटचा दिवस नेमका संक्रांतीचा. मी हौसेने उंधियू घातला. सुरती पापडी सोलायची, कंद-रताळी चिरायची, मेथीचे मुठिये तळायचे. सारा सामना स्वयंपाकघरात गेला. बाहेर पार्थिव पटेल धावा काढतो आहे, हे मला ह्यांच्या सुस्काऱ्यांवरून कळत होते. गुजरातने ३१२ धावांचा पल्ला गाठला आणि करंडक प्रथमच नेला. उंधियू उत्तम झाला होता, पण खायला कुणाचे मन होईना. बायांनो, पाच दिवसांच्या सामन्याला पदार्थ निवडताना चवीआधी वेळ पाहावी, हे मी त्या दिवशी शिकले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाच्या वेळी इंदुरी पोहे आणि बाजारची जिलबी यांवर भागवले. हरलो तेव्हाही, पण निदान सामना पाहून हरलो.

आता खरी गोष्ट. मार्च २०२४. वानखेडेवर मुंबई विरुद्ध विदर्भ, आणि घरात वर्षापूर्वी आलेली सून नागपूरची! ह्यांना तर पर्वणीच वाटली. “माहितगार माणूस घरातच आहे,” म्हणाले.

रविवारी, पहिल्या दिवशी तिने सांबारवडी केली. तिकडे सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, बरे का. जुड्या निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून अगदी कोरडी करायची. ओल राहिली तर वडी तेलात फुटलीच म्हणून समजा. डाळीच्या पिठात थोडी कणीक घालून पारी लाटायची, आतून चिंचेचा कोळ आणि मसाला चोपडायचा. मग खसखस, तीळ, सुके खोबरे घातलेले कोथिंबिरीचे सारण भरून पुडासारखी घडी घालायची आणि मंद आचेवर तळायची. सोबत कढी. मी पाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी विदर्भाचा डाव १०५ धावांत आटोपला. पानात गोळाभात होता. “झाला विदर्भाचा गोळा!” असे म्हणत ह्यांनी गोळा फोडला. सून हसली. तिसऱ्या दिवशी पाटवडीचा रस्सा, चौथ्या दिवशी वडाभात. विदर्भापुढे ५३८ धावांचा डोंगर होता आणि पाच गडी बाद झाले होते. “उरलेला विदर्भ उद्या उपाहाराच्या आत खलास,” हे म्हणाले. त्या रात्री सून हसली नाही.

गुरुवारी सकाळी उठते तो स्वयंपाकघरात बटाटे उकडलेले आणि लसूण सोललेला.

“आई, प्रतिपक्षाचं खायचं, हाच नियम ना आपला?”

“हो.”

“मग आज मी माझ्या बाजूनं करते. वडापाव.”

चार दिवस मी तिच्याकडून तिच्या आईचे पदार्थ करवून घेत होते आणि पानावर बसून आम्ही तिचेच माहेर गारद करीत होतो. ते माझ्या ध्यानात यायला बटाटे उकडावे लागले! हे दारात उभे होते. काही बोलले नाहीत.

आणि सकाळच्या सत्रात विदर्भाचा एकही गडी पडला नाही. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळतच राहिले. सून एकीकडे वडापाव खात होती, ह्यांच्या बशीतला पहिलाच निवत होता. उपाहारानंतर वाडकर १०२ धावांवर बाद झाला आणि पुढचे भराभर गेले. आपला अखेरचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने शेवटचा गडी टिपला. मुंबई १६९ धावांनी जिंकली, बेचाळिसावा करंडक. हे टाळ्या वाजवायला उठले, सुनेकडे पाहिले आणि पुन्हा बसले. मग ताटलीत उरलेला एकुलता एक वडा त्यांनी तिच्या बशीत ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला उपांत्य सामना झाला आणि विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे पाचही दिवस वडापाव झाला होता म्हणे. “बाकी जमलं हो, पण ती लसणाची कोरडी चटणी काही तुमच्यासारखी होत नाही. कशी करता जी?”

“सांगू नकोस,” हे पलीकडून खुणावत होते.

खोबरे आधी भाजून पूर्ण गार होऊ द्यायचे, लसूण खोबऱ्याच्या निम्मा, आणि पाण्याचा थेंबही नाही, असे मी सांगून टाकले.