दुसरा प्रश्न

मैत्रिणींनो, दिवाळीला वसतिगृहातली मुलं घरी आली की फराळाचे डबे बघता बघता तळाला जातात. यंदा आमचा धाकटाही आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी शेवेचा दुसरा घाणा काढत होते आणि हे चिरंजीव फोनवर मित्राला सांगत होते, ''अरे, त्या नव्या पोराला रात्री दीडला उठवलं. उभं करून पाढे म्हणायला लावले. रडायलाच लागला!'' आणि खो खो हसणं.

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. गेल्या वर्षी हाच मुलगा नवा होता, तेव्हा मी रोज रात्री विचारत होते, ''तुला कोणी त्रास देत नाही ना?'' पण ''तू कोणाला त्रास देत नाहीस ना?'' हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणींनी विचारलं आहे?

मी जवळ जाऊन बसले. तो म्हणाला, ''त्यात काय एवढं, आई? आम्हीही सोसलंच की! त्यातूनच ओळखी होतात.''

हे वाक्य आपल्याला नवं नाही, हो ना? 'आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा' हे घराघरांत सुनांनी ऐकलेलंच आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, ''तुझ्या आजीला तिच्या सासूबाई पहाटे चारला उठवायच्या. आजीनं मला एकदाही तसं उठवलं नाही. म्हणून तर मी या घरात रमले.'' तो गप्प झाला.

मग त्याला कायद्याचंही सांगितलं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कॉलेजातून नाव कमी होतं आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम तर आणखी बारकाईनं लिहिलेले आहेत. नुसती मारहाण म्हणजेच रॅगिंग नव्हे. लाज वाटेल असं काही करायला लावणं, आपलं लिखाण दुसऱ्याकडून करून घेणं, पैसे उकळणं, हेही त्यातच मोडतं. २०१६ साली जात, धर्म, रंग, भाषा, प्रांत यांवरून हिणवणंही त्यात स्पष्टपणे घातलं गेलं. प्रवेशाच्या वेळी आपण आणि मुलं जे प्रतिज्ञापत्र भरून देतो, ते याचंच. आपण ते घाईघाईत उरकतो. एकदा मुलाशेजारी बसून सावकाश वाचा.

ज्यांची मुलं यंदाच बाहेर गेली आहेत, त्यांनी थोडं लक्ष ठेवावं. मूल फोनवर तुटक बोलतं का? वरचेवर पैसे मागतं का? झोप होत नाही म्हणतं का? सुटी संपत आली की त्याच्या पोटात दुखतं का? तसं असेल तर ''पुरुषासारखा पुरुष, एवढ्यानं काय घाबरतोस?'' असं चुकूनही म्हणू नका. आधी सगळं ऐकून घ्या. काय घडलं, कधी, कोणासमोर, ते तारखेसह लिहून ठेवा. फोनवर आलेले संदेश पुसू नका. मग प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कायद्यानं त्यांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. आणि १८००-१८०-५५२२ हा आयोगाचा मदतीचा क्रमांक डायरीत टिपून ठेवा. तो मोफत आहे.

आणि ज्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनी माझ्यासारखा उशीर करू नये.

आमचा मुलगा परत निघाला तेव्हा मी दोन डबे भरले. ''हा त्या मुलाचा. चुकलं म्हण आणि दे,'' एवढंच सांगितलं. मान खाली घालून त्यानं तो पिशवीत ठेवला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. ''आई, डबा दिला. तो आधी घेईचना. वाटलं असेल, यातही काहीतरी थट्टाच आहे.'' आणि जरा थांबून म्हणाला, ''इतका घाबरलाय, हे मला कळलंच नव्हतं.''

आज रात्री मुलाला फोन कराल तेव्हा जेवलास का, हे विचाराच. पण त्यानंतर तो दुसरा प्रश्नही विचारा.