विश्लेषण : जर्मनीत नोकरी मिळाली, पण कुटुंबाची घडी कशी बसते?

कुशल मनुष्यबळाच्या टंचाईने ग्रासलेल्या जर्मनीने गेल्या काही वर्षांत भारतीयांसाठी दारे बरीच उघडली आहेत. कुशल भारतीयांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. नोकरी एकाला मिळते, पण परदेशात बिऱ्हाड थाटायचे असते संपूर्ण कुटुंबाला. या कुटुंबांचे पहिले एक-दोन वर्ष कसे जाते, अडचणी कुठे येतात आणि त्याचा जर्मनीच्या धोरणाशी काय संबंध, याचा आढावा.

किती भारतीय जातात आणि कोणत्या व्हिसावर?

जर्मनीत आज अडीच लाखांहून अधिक भारतीय नागरिक राहतात. तेथील परदेशी विद्यार्थ्यांमध्येही भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांचा मुख्य मार्ग म्हणजे ‘ब्लू कार्ड’. २०२५ मध्ये त्यासाठी किमान ४८,३०० युरो वार्षिक पगाराची अट होती. माहिती तंत्रज्ञानासारख्या टंचाईच्या क्षेत्रांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत येण्यापूर्वी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा असते. अमेरिकेत ‘एच-४’ व्हिसावर वर्षानुवर्षे घरी बसावे लागलेल्या जोडीदारांची उदाहरणे डोळ्यांसमोर असलेल्या कुटुंबांना ही सवलत मोठी वाटते. मात्र कायद्याने दिलेली परवानगी आणि प्रत्यक्षात मिळणारी नोकरी यांत बरेच अंतर असते.

पहिले दोन महिने कशात जातात?

पत्त्याच्या नोंदणीत. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘आनमेल्डुंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदणीवर पुढचे जवळपास सगळे अवलंबून असते. करदाता क्रमांक त्यानंतर टपालाने घरी येतो. तो वेळेत मिळाला नाही तर पगारातून सर्वाधिक दराने कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण नेमक्या निकडीच्या महिन्यांत हात आखडतो.

नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. इथेच पेच पडतो. कायमचे घर भाड्याने देताना मालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि ‘शूफा’ या संस्थेचा पतदाखला मागतात. आठवड्यापूर्वी विमानातून उतरलेल्या कुटुंबाकडे दोन्ही नसते. मग सामानसुमानासह मिळणारे तात्पुरते घर घ्यावे लागते. ते महाग असते आणि तेथे नोंदणीची परवानगी मिळेलच असे नाही. त्यामुळे जाण्यापूर्वी कंपनीशी बोलताना पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, तो म्हणजे नोंदणी होऊ शकेल असे घर पहिल्या तीन महिन्यांसाठी मिळणार का?

घरभाड्याचे गणित कसे चुकते?

जाहिरातीत ‘काल्टमीटे’ म्हणजे ‘थंड भाडे’ दिलेले असते. त्यात घर गरम ठेवण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा, जिन्याच्या साफसफाईचा खर्च मिळवला की ‘वार्ममीटे’ होते. विजेचे आणि इंटरनेटचे बिल बहुधा त्याहूनही वेगळे असते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत असू शकते. भारतीय कुटुंबांना सर्वाधिक आश्चर्य वाटते ते स्वयंपाकघराचे. अनेक घरे ओटा, सिंक, शेगडी, कपाटे यांपैकी काहीही नसताना भाड्याने दिली जातात. हे सगळे स्वतः बसवायचे किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचे.

त्याशिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक प्रसारण शुल्क भरावे लागते. घरात टीव्ही असो वा नसो, ते चुकत नाही. हे शुल्क मागणारे पत्र फसवणूक समजून बाजूला टाकणारे आणि पुढे दंडासह भरणारे नवखे कमी नाहीत. जर्मनीत कागदी पत्राला आजही वजन आहे. टपालपेटी रोज उघडणे आणि आलेले प्रत्येक पत्र समजून घेणे हे तिथले पहिले घरकाम ठरते.

पगारातून नेमके काय कापले जाते?

प्राप्तिकर वेगळा. त्याआधी निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेरोजगारी विम्यासाठी १.३ टक्के आणि आरोग्य व शुश्रूषा विम्यासाठी सुमारे १० टक्के असे एकूण २१ टक्क्यांच्या आसपास कापले जाते. त्यासाठी पगाराची एक कमाल मर्यादा असते. जवळपास तेवढाच वाटा कंपनी भरते. पुण्यातील पगाराला युरोच्या दराने गुणून स्वप्ने रंगवणाऱ्यांना पहिली पगारपावती म्हणूनच धक्का देते.

पण या कपातीतून कुटुंबाला बरेच परतही मिळते. सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले यांचा समावेश जादा हप्त्याविना होतो. मूल आजारी पडले तर या विम्यातील प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवसांपर्यंत भत्त्यासह रजा मिळते. ‘किंडरगेल्ड’ म्हणजे बालभत्ता २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो होता. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मागील थकबाकी सहा महिन्यांपुरतीच मिळते. ‘घर लागले की बघू’ म्हणत अर्ज लांबवणाऱ्यांचे पैसे बुडतात.

इथे एक निर्णय विशेष जपून घ्यावा लागतो. २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांना खासगी आरोग्य विमा निवडता येत होता. एकट्या तरुणाला तो स्वस्त वाटतो. पण त्यात प्रत्येक सदस्याचा हप्ता वेगळा. मागाहून पत्नी आणि दोन मुले आली की गणित उलटते आणि सार्वजनिक विम्यात परतणे सोपे नसते.

मुलांच्या पाळणाघराचा आणि शाळेचा प्रश्न किती कठीण?

ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरील प्रत्येक बालकाला ‘किटा’ म्हणजे पाळणाघर-बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण शिक्षकांअभावी मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी असते. खर्चही राज्यागणिक बदलतो. बर्लिनमध्ये जेवण वगळता किटा विनामूल्य आहे, तर इतर अनेक ठिकाणी शुल्क भरावे लागते. जागा मिळेपर्यंत एका पालकाला घरी थांबावे लागते आणि बहुतेक कुटुंबांत ही व्यक्ती आईच असते.

शाळा सक्तीची आहे. घरी शिकवण्याची मुभा नाही. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, तर बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत असते. त्यानंतर मुलांची वाट ठरते. विद्यापीठाकडे नेणारे ‘गिम्नाझियुम’ की अन्य शाळा, हा निर्णय वयाच्या दहाव्या वर्षीच होतो. बायर्नमध्ये गिम्नाझियुमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी असते. भारतात वर्गात पहिल्या पाचांत असलेले मूल तिसरीत असताना तिथे पोहोचले, तर नवी भाषा आत्मसात करायला त्याच्या हाती जेमतेम दीड वर्ष उरते. पुढे शाळा बदलण्याचे मार्ग खुले असतात, पण पालकांची झोप उडवणारा काळ हाच. म्हणून कुटुंब केव्हा न्यायचे, याचे उत्तर कंपनीच्या सोयीपेक्षा मुलाच्या इयत्तेवर ठरवणे शहाणपणाचे.

सत्र चालू असताना गावी जाण्यासाठी रजा सहसा मिळत नाही. विनापरवानगी मुलांना नेल्यास दंड होऊ शकतो. बायर्नमध्ये विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांसह निघालेल्या कुटुंबांकडे विचारणा केल्याची उदाहरणे आहेत. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाण्याचा बेत त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांच्या तक्त्याशी जुळला तरच जमतो.

रोजच्या जगण्यातले अलिखित नियम कोणते?

बरेचसे नियम लिखित आहेत. रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचेच संरक्षण आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दूध संपले आहे हे लक्षात न आल्यास सोमवारपर्यंत चहा काळा. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. रविवारी भिंतीला खिळा ठोकला की शेजारी दार वाजवतो. कागद, प्लास्टिक, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगळे. काच रंगानुसार वेगळी. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, ती बाटली दुकानातील यंत्रात परत केली की मिळते. भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा नव्याने द्यावी लागते.

मुले हे नियम पालकांच्या आधी शिकतात. पहिलीतले मूल शाळेत चालत जाते, चौथीत सायकलची परीक्षा देते आणि आईला ‘लाल दिवा असताना रस्ता ओलांडू नको’ असे बजावते. दोन वर्षांत डॉक्टरांकडे किंवा कार्यालयात आई-वडिलांचे दुभाषी म्हणून तेच बोलू लागते. कौतुकाच्या या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. घरातील मोठ्यांचा अधिकार भाषेपाशी अडतो आणि मुलांची मराठी हळूहळू ऐकण्यापुरती उरते. बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट अशा शहरांतील मराठी मंडळींचा गणेशोत्सव म्हणूनच करमणुकीपेक्षा अधिक काही असतो.

सर्वात मोठी किंमत कोण मोजते?

बहुतांश वेळा सोबत गेलेली जोडीदार. कार्यालयीन भाषा इंग्रजी असलेल्या नोकऱ्या प्रामुख्याने माहिती तंत्रज्ञान आणि संशोधनात आहेत. शिक्षिका, वकील, बँक अधिकारी, दंतवैद्य यांना भाषेची वरची पातळी गाठावी लागते. काही व्यवसायांत पदवीची मान्यता मिळवावी लागते. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात साधारण ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे असतात. त्यातून ‘बी-१’ पातळी गाठता येते. अनेक व्यवसायांना तेवढी पुरत नाही. किटात जागा नाही म्हणून वर्गाला जाता येत नाही, वर्ग नाही म्हणून भाषा नाही आणि भाषा नाही म्हणून नोकरी नाही. या साखळीत तीन-चार वर्षे सहज जातात. दहा वर्षे कमावत्या असलेल्या स्त्रीला घरखर्चासाठी नवऱ्याकडे पाहावे लागते आणि हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार पडू लागला की एकटेपणा अधिकच जाणवतो. याची नोंद पगाराच्या कोणत्याही आकडेवारीत नसते.

दुसरी किंमत मायदेशी राहिलेले आई-वडील मोजतात. १ मार्च २०२४ नंतर प्रथमच निवास परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडील आणि सासू-सासऱ्यांना नेण्याची तरतूद जर्मनीने केली. पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय स्वतः करावी लागते आणि वृद्धांसाठी परवडणारा खासगी विमा मिळणे अवघड असते. बहुतेकांसाठी १८० दिवसांत ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा हाच पर्याय उरतो. नातवंडांसोबत तीन महिने राहून आजी-आजोबा परततात.

राहायचे की परतायचे?

ब्लू कार्डधारकाला ‘बी-१’ पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी आणि प्राथमिक जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी कायम निवासाचा परवाना मिळू शकतो. तोपर्यंत नोकरी गेली तर नवी शोधायला मर्यादित मुदत मिळते, म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे वास्तव्य एका नोकरीवर टांगलेले असते. भाषा लवकर शिकण्याचा सर्वात ठोस फायदा हा सहा महिन्यांचा. नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट जून २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्डावर ये-जा करता येते, पण मतदानाचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

जर्मनीसाठीही हा प्रश्न तितकाच कळीचा आहे. ‘इंटरनेशन्स’च्या २०२४ मधील परदेशस्थ रहिवाशांच्या पाहणीत ५३ देशांत जर्मनीचा क्रमांक ५०वा लागला. व्हिसांची संख्या सरकार एका निर्णयात वाढवू शकते. किटातील जागा, भाड्याची घरे आणि परकीय नागरिक कार्यालयातील वेळ त्या गतीने वाढत नाहीत. अभियंता कंपनीत रमला, तरी त्याची पत्नी आणि मुले रमली नाहीत तर तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुण्याची किंवा दुसऱ्या देशाची वाट धरतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनीही करारावर सही करण्याआधी पगारासोबत मुलाची इयत्ता, जोडीदाराचा व्यवसाय आणि आई-वडिलांचे वय हे तीन मुद्दे कागदावर मांडायला हवेत. पुढची पाच वर्षे कशी जातील, हे बरेचसे त्यांवरच ठरते.