दर्शनी मूल्य ७५ रुपये. संग्राहकाची वाट खडतर

जिंतूर : नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनानिमित्त २०२३ मध्ये केंद्र सरकारने काढलेले ७५ रुपयांचे नाणे चलनासाठी नव्हतेच. ३५ ग्रॅम वजनाच्या या नाण्यात निम्मी चांदी आहे; तिचेच मोल दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक. आरशासारखी झळाळी असलेली ‘प्रूफ’ नाणी व चलनात न आलेले संच सरकारी टाकसाळी त्यामुळेच चढ्या दराने विकतात. मात्र टाकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथेच आहेत. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातील संग्राहकाने ऑनलाइन नोंदणीची संधी हुकवली, की दलालाचाच दरवाजा उरतो. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने कमिशन उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. नव्या संचांबाबतही ही सावधगिरी हवीच. सरकार नाण्याच्या अस्सलपणाची ग्वाही देते, नफ्याची नव्हे.